साळुंकीने सांगितलेला अर्थ

सागाच्या एका दाट जंगलात एक साळुंकी राहत असे. तिचे घरटे तिथल्या पाहुण्यांच्या बंगल्याच्या छपराखाली होते. मुलांनो, त्या बंगल्यात दर उन्हाळ्यात दूरदूरचे अभ्यासक येत आणि आपसांत इंग्रजीत बोलत. ऐकून ऐकून साळुंकीला पुष्कळ शब्द पाठ झाले. माणसे काय म्हणाली, हे विचारायला सगळे प्राणी तिच्याकडेच येत. तिलाही त्याचा मोठा अभिमान वाटे.

नाग दिसला की अभ्यासक ‘व्हेनमस’ म्हणत. धोतऱ्याच्या बोंडांना मात्र ते ‘पॉयझनस’ म्हणत. एकदा कावळ्याने विचारले, “या दोन शब्दांत फरक काय गं?”

“काही नाही. दोन्हींचा अर्थ विषारी,” साळुंकी म्हणाली.

“मग दोन शब्द कशाला?”

“माणसांना हौस, दुसरं काय!” खरे तर तिला फरक ठाऊक नव्हता, पण तसे कबूल करायला तिची चोच उघडेना.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. ओढे आटले, झरे आटले. पाणी उरले ते एका तळ्यात. एका सकाळी कुणी अभ्यासक बाई तळ्यावर आल्या. त्यांनी बाटलीत पाणी घेतले, तपासले आणि त्या घाबरून ओरडल्या, “पॉयझनस!” त्या आणि त्यांच्याबरोबरची माणसे कुंपणाचे सामान आणायला लगबगीने बंगल्याकडे धावली. झाडीत एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन उभी होती. दोघांच्याही घशाला कोरड पडली होती. “साळुंकीताई, काय म्हणाल्या त्या?” तिने वर फांदीवर बसलेल्या साळुंकीला विचारले.

साळुंकीच्या डोळ्यांपुढे नाग आला. “इथे विषारी साप आहे. बघून पाय टाक, म्हणजे झालं.”

हरिणीने काठावरचे सगळे गवत पाहिले, दगडांच्या फटी पाहिल्या. साप कुठेच नव्हता. तरी ती स्वतः प्यायली नाही. “तू आधी पी, राजा. मी राखण करते,” ती म्हणाली आणि पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. पाडस पोटभर प्यायले. थोड्याच वेळात त्याचे पाय लटपटू लागले. ते आईला टेकून बसले, ते पुन्हा उठलेच नाही. हरिणी कितीतरी वेळ त्याच्या अंगावर दंशाची खूण शोधत राहिली.

हरिणीचा टाहो ऐकून एक म्हातारा पोपट आला. तो पूर्वी बंगल्यातल्या पिंजऱ्यात होता. सगळे ऐकून तो हळहळला. “अगं, चावून अंगात विष सोडतो तो व्हेनमस. पोटात गेलं की मारतं ते पॉयझनस. त्या बाई पाण्याबद्दल बोलत होत्या!”

हरिणी रागावली नाही. साळुंकीकडे पाहून ती इतकेच म्हणाली, “मला नक्की ठाऊक नाही, एवढं म्हणाली असतीस, तरी मी त्याला थांबवलं असतं गं.”

माणसांनी दुपारी तळ्याला कुंपण घातले. तोवर साळुंकी घसा फुटेपर्यंत ओरडून एकेका प्राण्याला माघारी पाठवत होती. तिचे ऐकून बाकीचे सगळे वाचले. हरिणी मात्र पाडसाजवळून हलली नाही. ते जागे होईल या आशेने ती त्याचे कान चाटत होती.

तात्पर्य : सारख्या वाटणाऱ्या शब्दांचे अर्थ सारखेच असतील असे नाही; आणि ज्याची खात्री नाही ते ठामपणे सांगितले, तर त्याची किंमत विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.