पाहुण्याचं वल्हं

शंखपुरी नावाच्या एका बंदरात रवळू आणि धाकू हे दोघे भाऊ राहत. आईबाप लहानपणीच गेलेले. धाकूला रवळूनंच वाढवलं.

शंखपुरी तेव्हा भरभराटीला आली होती. तेवढ्यानं दरबाराचं समाधान होईना.

प्रधान म्हणाला, "महाराज, गलबतांना दूरवर जायचं तर वाटेत पाण्याला, लाकूडफाट्याला आपलं एखादं बेट हवं."

सावकार म्हणाला, "वखारी कापडानं फुगल्यात. आपली माणसं नेसून नेसून किती नेसणार?"

राजगुरूंनी डोळे मिटले. "बेटावरचे लोक अडाणी आहेत, महाराज. त्यांना शहाणं करणं हा आपला धर्मच आहे."

राजाला तिघांचंही पटलं. एका सरदाराच्या हाताखाली आरमार निघालं. शिपायांत रवळू होता. "चार महिन्यांत येतो. भांडू नकोस कोणाशी," एवढंच तो धाकूला बोलला.

बेटावरचे लोक किनाऱ्यावर आले आणि प्रत्येकानं आपलं वल्हं सरदाराच्या पायाशी ठेवलं. सरदारानं ओळखलं, हे शरण आले! त्यानं वल्ही गलबतात भरली, बेटावर निशाण रोवलं, पहाऱ्याला थोडे शिपाई ठेवले आणि तो परतला. शंखपुरीत साखर वाटली. रवळू मात्र पहाऱ्यावर राहिला होता.

महिन्याभरानं पहाऱ्यावरून पळून आलेल्या शिपायांनी बातमी आणली. बेटावर बंड झालं, रवळू मारला गेला.

धाकूनं दार लावून घेतलं. शेजारीपाजारी येऊन दारावर थाप मारत आणि निघून जात. सूड घ्यायला गलबतं निघणार अशी दवंडी कानावर पडली, तेव्हा तो अनवाणीच धावत सुटला आणि सगळ्यांच्या आधी गलबतावर चढला.

बेटावर उतरताच सरदारानं पेटती मशाल त्याच्या हाती दिली. "भाऊ तुझा गेलाय, धाक्या. पहिली झोपडी तू पेटव."

धाकू धावला. पहिल्याच झोपडीच्या दारात एक म्हातारी बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांमुळं तिला शंखपुरीची बोली येत होती.

"ऊठ म्हातारे! माझ्या भावाला खाल्लंत तुम्ही!"

"पेटव, पोरा. पण ऐकून पेटव. पाहुणा आला की आम्ही आपलं वल्हं त्याच्यापुढं ठेवतो. तू जेवून उठेपर्यंत मी तुला सोडून कुठं जाणार नाही, असं सांगायची आमची ही रीत. निघताना पाहुणा वल्हं परत देतो. तुमचे लोक घेऊनच गेले. वल्ह्यावाचून होडी नाही, होडीवाचून मासा नाही. पोरं उपाशी रडायला लागली, तेव्हा माझा लेक वल्ही मागायला पहाऱ्यावर गेला. तिथं झटापट झाली. तुझा भाऊ पडला, माझा लेकही पडला. त्या माडाखाली दोघांना शेजारी पुरलंय."

धाकूचा हात खाली आला. तो सरदाराकडं पळत गेला. "सरदार, हे बंड नव्हतंच! वल्ही परत द्या, मिटलं!"

सरदार हसला. "वेडा की काय! ती दरबारच्या भिंतीवर लागलीत. राजगुरूंनी पूजा केलीय त्यांची. आता काय महाराजांना सांगू, आपण जेवायला गेलो होतो म्हणून?"

"मग मीच सांगतो!" असं म्हणत धाकूनं मशाल समुद्रात फेकली.

सरदारानं दुसरी पेटवायला लावली. झोपड्या जळाल्या. लोक रानात पळाले. "यांचा एवढा पुळका आलाय, तर राहा इथंच," असं म्हणून सरदारानं धाकूला किनाऱ्यावर सोडलं आणि गलबतं निघून गेली.

शंखपुरीच्या लेखी तो फितूर झाला होता आणि बेटावर तो शत्रूच होता. रानातून परतलेले लोक त्याच्याकडं पाठ करून बसले.

धाकू माडाखाली गेला आणि भावाच्या मातीवर डोकं टेकून रडला. थोड्या वेळानं म्हातारी आली. त्याच्याकडं तिनं पाहिलं नाही. लेकाच्या मातीपाशी ती बसून राहिली.

तात्पर्य: ज्यांना शहाणं करायला निघालो त्यांचं म्हणणं आधी ऐकावं. न ऐकता केलेला उपकार ही लूटच असते, आणि तिची किंमत दोन्हीकडच्या घरांना मोजावी लागते.