राणीची ओवाळणी

एका राज्यात प्रेमाची गाणीच नव्हती. भूपाळ्या होत्या, पाळणे होते. पण नवऱ्याने बायकोसाठी गावे असे गाणे म्हणाल, तर नाव नको! शंभर वर्षांपूर्वी दरबारी कवी एका चेटकीला हसले होते. म्हणाले, "देवीच्या वणांच्या या तोंडाला शोभेल असे फूलच नाही." चेटकी कडाडली, "आजपासून प्रेमाने जिला जे म्हणाल, ती तेच होऊन बसेल!"

त्या राज्याच्या पुरंजय राजाने परमुलखातली गुणमाला राणी करून आणली. पहिला पाडवा आला. राणीने ओवाळले. राजाने हिऱ्यांचा कंठा पुढे केला.

"हिरे नकोत. एक गाणे घाला ओवाळणीत. वर्षभरात कौतुकाचा शब्द नाही तुमच्या तोंडी!"

"शाप आहे, राणी."

"इश्श! म्हाताऱ्यांच्या गप्पा त्या."

राजा विरघळला. गायला, "तू अंगणातली जाई." तबक खणकन खाली पडले. राणीच्या जागी जाईची वेल उभी!

वेल चालणार कशी? म्हणून राजा गायला, "तू रानातली हरिणी." हरिणी झाली आणि कुंपण ओलांडून पळाली. शहाण्याने इथे तरी थांबावे की नाही? पण प्रेमात पडलेल्याला अक्कल असती, तर मी ही कथा कशाला सांगत बसलो असतो! राजा मागे धावत गायला, "तू डोंगरातली नदी, ये माझ्या गावा." हरिणीचे पाणी झाले, आणि ते निघाले थेट समुद्राकडे.

काठावर एक साळुंकी बसली होती. म्हणाली, "महाराज, सूर्य बुडताच ती समुद्राला मिळेल. मग ती परत येणे नाही."

"उपाय सांग, बाई. तिच्यावाचून मी जगायचा नाही."

"फुले, हरिणे पुष्कळ झाली. तिच्याकडे कधी नीट पाहिलेत का? पाहिले असेल तेवढेच गा."

राजा नदीकाठाने धावत सुटला. समोर समुद्र दिसू लागला. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि रडत रडत गायला,

"हसली की हिला उचकी लागते,
हरली की सारीपाट उधळते,
रुसली तरी माझ्याच ताटात
आधी तूप वाढते!"

पाणी थबकले. पाण्यातून उचकी ऐकू आली. मग एक हात आला, मग अख्खी राणी, चिंब भिजलेली.

"पट मी एकदाच उधळला होता!" ती म्हणाली.

राजाने तिला कवटाळले. साळुंकीने पंख झटकले आणि तिची वणांच्या तोंडाची म्हातारी झाली. "शंभर वर्षे असे गाणे ऐकायला थांबले होते. शाप संपला, लेकरांनो," म्हणाली, आणि डोळे पुसत चालू लागली. राजाने तिला हाताला धरून पाडव्याच्या पंगतीला नेले.

पुन्हा ओवाळणे झाले. बायकांनी राणीला घेरले, "नाव घ्या!" राणी गालात हसली,

"फणसाला वरून काटे, आत रसाळ गर,
पुरंजयरावांना सोसायचे आता जन्मभर!"

राजाने घाईघाईने गाल चाचपले. काटे नव्हते. दोन दिवसांची दाढी होती, तेवढीच.