एकेका हाताची फुगडी

"दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन मधे ठेवतात. मग दोघंही ती जोडी आपल्याचकडे ओढतात. तरी तुटत का नाहीत?"

उत्कर्षने हे द्वारकामावशीच्या अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं. नमस्कारसुद्धा केला नाही.

हाच प्रश्न त्याने कॉलेजात विचारला होता. सर म्हणाले, "सहसंयुज बंधाची व्याख्या पाठ कर. परीक्षेत 'का' येत नाही." चाळीस वर्षं शिकवून सरांना तेवढंच येत होतं. उत्कर्षने कॉलेज सोडलं.

द्वारकामावशीने त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. सर बाटली चुकायचे, बरोबर बाटली ती पुढे करायची. मानाची खुर्ची सरांना. आता ती सत्तरीची. मिरच्या वाळत घालत होती.

"तुम्हीही टाळलंत, तर पुस्तकं रद्दीत. कायमची."

"दम देतोस?"

"सांगतोय."

मावशीने पदर खोचला. उजवा हात पुढे केला.

"चल, फुगडी घाल. एक हात तुझा, एक माझा."

"फुगडी? तो बायकांचा खेळ..."

"आणि अणू काय बाप्ये असतात?"

त्याने हात धरला. दोघं फिरू लागले आणि लगेच भेलकांडले. उत्कर्ष ताठच उभा होता, कोपर दुमडून. म्हातारी आहे, हिसका बसेल, म्हणून जपत होता.

"माझी कीव करतोस? तशानेच पडेन मी. मागे रेल. सगळं वजन टाक."

"तुम्ही ओढल्या जाल."

"का? मी तुझ्यापुढे वाकणार आहे होय? मीही मागेच रेलतेय."

तो रेलला. ती रेलली. मधली मूठ ताणली गेली आणि घट्ट झाली. पायांनी वेग धरला. मिरच्यांचा ढीग, तुळस, कुंपण, सगळं गरगरलं. कुणी कुणापुढे वाकलं नव्हतं. कुणी पडतही नव्हतं.

कॉलेज सोडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. पण दम द्यायची खोड जाते थोडीच?

"मावशी... आणि मी सोडलं तर?"

मावशी आणखी मागे रेलली.

"सोड की. आपापला हात घेऊन दोघंही पडू."