वास विरला, दारं उघडली

माणसं गुळाची ढेप उघड्यावर ठेवत, तेव्हाची ही गोष्ट. मुंग्यांच्या एका वारुळात रीत होती. पहारेकरणींनी धोक्याचा वास सोडला की कोठार सोडून बाकी सगळ्या खोल्यांची दारं बंद व्हायची.

एकदा तो वास महिनाभर विरलाच नाही. शत्रू कुठे दिसेना, पण दारं उघडेनात. वाटेवर गुळाचे कण साचले आणि आत पिल्लं उपाशी राहिली.

“हमाल आळशी झालेत, आणखी लावा!” राणी म्हणाली. नव्या हमालांनी वाटेवरचा गूळ उचलून कोठारात कोंबला. वास आणखीच वाढला.

सगुणा नावाची म्हातारी हमालीण वासाचा माग काढत कोठारातच पोचली. तिथल्या पहारेकरणी गूळ आणि भिंत यांच्यामध्ये चेंगरल्या होत्या.

“अगं, वास कशाला सोडताय?”

“जीव गुदमरतोय, सगुणाकाकू! कुणीतरी हल्ला केलाय!”

सगुणाने कोठार वारुळाबाहेर उपसायला घेतलं.

“पिल्लं उपाशी आणि तू गूळ फेकतेस?” राणी कडाडली.

सगुणा थांबली नाही. आठव्या दिवशी पहारेकरणींनी मोकळा श्वास घेतला. वास विरला, धडाधड दारं उघडली आणि पिल्लं पोटभर जेवली.

सगुणाची मिरवणूक निघाली. राणीने विचारलं, “शत्रू होता तरी कोण?”

“राणीसाहेब, त्याला रोज आपणच पाठीवर घेऊन आत आणत होतो.”