सगळ्यांचं चाललं ना?

एकदा एका हळदीच्या गावात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसांचा एक गट होता. महिन्यातल्या एका रविवारी ही मंडळी जमत. कुणी पतपेढीचा हिशेब संगणकावर सांभाळणारा, कुणी साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम बघणारी, कुणी पुण्याची नोकरी घरी बसून करणारा, आणि बरीचशी अजून कॉलेजात असलेली मुलंमुली. एकानं पुढं उभं राहून काही शिकवायचं, बाकीच्यांनी आपापल्या लॅपटॉपवर ते करून बघायचं, मग चहा प्यायचा आणि घरी जायचं, एवढाच त्यांचा नेम. याला ते मीटअप म्हणत.

गट सुरू केला होता हुक्केरी सरांनी. तंत्रनिकेतनात आयुष्यभर शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि गावातल्या निम्म्या डेव्हलपरांना प्रोग्रॅम म्हणजे काय हे त्यांनीच प्रथम सांगितलं होतं. जागा कुठलीही असो, पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवलेली असे. त्यांना यायला उशीर झाला तरी तिथं कुणी बसत नसे.

गट प्रत्यक्षात चालवत होती यामिनी, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पंचविशीची, बोलायला तिखट. ज्येष्ठांच्या बोलण्याविषयी तिची एकच तक्रार होती, की ते संपत नाही. सरांवर तिची श्रद्धा होती, आणि सरांवर चिडायचा हक्कही ती पुरेपूर वापरत असे.

गटाचं एक दुखणं होतं. नवी माणसं येत, एकदा बसून जात, आणि पुन्हा दिसत नसत. सर म्हणत, आजकालच्या पोरांना चिकाटी नाही. यामिनी म्हणे, चिकाटीचं सोडा, त्यांना पत्ता सापडत नाही. त्यातही तथ्य होतंच. एका महिन्यात कॉलेजची प्रयोगशाळा, दुसऱ्या महिन्यात एखाद्या क्लासची खोली, तिसऱ्या महिन्यात कुणाच्या तरी ऑफिसची गच्ची. कायमची जागा मिळाली की गट उभा राहील, अशी तिची खात्री होती, आणि त्या जागेसाठी ती वर्षभर लुणावत शेठजींच्या मागं लागली होती.

शेठजींची बाजारात हळदीची आडत होती. पेढीचा वरचा मजला प्रशस्त आणि रिकामा होता. पंखे होते, वीज कधी जात नव्हती. शेठजी हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलत नसत, आणि इथंही त्यांनी तेच केलं. एक रविवार वर घ्या, म्हणाले, मी बसून बघतो, मग ठरवू.

यामिनीनं त्या रविवारची कार्यशाळा विचारपूर्वक आखली. हळदीचे त्या दिवशीचे सौद्यातले भाव दाखवणारं एक पान प्रत्येकानं संध्याकाळपर्यंत स्वतः तयार करायचं. आपल्याच बाजाराचे भाव खोलीभर पडद्यांवर एकदम उमटलेले शेठजी बघतील, आणि मग त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही, असा तिचा हिशेब होता.

रविवारी मजला भरला. शेठजी दाराजवळ खुर्ची घेऊन बसले. लागणारी साधनं आधी प्रत्येकानं आपल्या लॅपटॉपवर बसवून घ्यायची होती. यामिनीनं ते करून दाखवलं, थोडी थांबली आणि तिनं विचारलं, "सगळ्यांचं चाललं ना?"

"हो," खोली म्हणाली.

ती पुढच्या पायरीवर गेली. पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. गटात हा प्रश्न आणि हे उत्तर इतकं रुळलं होतं की दोन्हींकडं कुणाचंच लक्ष नसे. यामिनीचा आवाज आता खुलला होता. शेठजी पुढं झुकून ऐकत होते.

मधेच हुक्केरी सर पाणी प्यायला उठले. पाण्याचा जार खोलीच्या मागच्या भिंतीशी होता. पाणी प्यायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ घेऊन ते परतले आणि आपल्या जागी बसले.

यामिनीनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा खोलीच्या होकारात सरांचा हात वर गेला. "माझं चालत नाही," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. सर, तुमच्याबरोबर लॅपटॉपपण रिटायर झाला वाटतं, असं वजनकाटेवाली म्हणाली, आणि सरही हसले. यामिनी हसली नाही. तिनं पहिली पायरी भराभर पुन्हा सांगितली. सरांनी डोकं हलवलं, अजून नाही म्हणाले. तिनं दुसरी पायरी पुन्हा सांगितली. सरांचं तरी अडलेलंच. दाराजवळ शेठजींनी पाय बदलून बसल्याचं तिला दिसलं.

"सर, तुमचं मी नंतर बघते," ती म्हणाली. "एकासाठी सगळ्यांना थांबवता येत नाही."

"एकासाठी नकोच थांबू," सर म्हणाले. "आणखी कुणाचं अडकलंय का, तेवढं विचार."

ते विचारायची तिची अजिबात इच्छा नव्हती. पण विचारावं लागलंच नाही. शेवटच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "माझंपण नाही झालं." पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली तस्लिम पहिल्यांदाच आली होती, भावाचा जुना लॅपटॉप घेऊन. तिच्या शेजारच्या मुलानं तिच्याकडं बघितलं आणि आपला हात वर केला. मग त्याच्या पलीकडच्यानं. थोड्या वेळात खोलीत खाली असलेल्या हातांपेक्षा वर असलेले हात जास्त झाले.

त्यानंतर ठरवलेली कार्यशाळा झालीच नाही. एकाच्या यंत्रात जागाच उरली नव्हती, एकाची प्रणाली फार जुनी होती, एकीचा लॅपटॉप कॉलेजचा असल्यामुळे परवानगीशिवाय काहीच बसवून घेत नव्हता. माणसं खुर्च्या सोडून एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. शेठजी बराच वेळ थांबले, मग उठले. यामिनी जिन्यापर्यंत त्यांच्यामागं गेली. "बघू, ताई," एवढंच म्हणून ते उतरले. त्या बाजारात व्यापारी बघू म्हणतो, तेव्हा तो सौद्यातून उठलेला असतो. यामिनी त्याच गावची होती, तिला हे कुणी समजावायला नको होतं.

संध्याकाळी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर साधनं सुरू झाली होती. फक्त सुरू झाली होती. भावाचं पान कुणाच्याच पडद्यावर दिसत नव्हतं.

मंडळी गेल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता यामिनीनं सरांचा लॅपटॉप पिशवीत ठेवायला उचलला. झाकण नीट लागलं नव्हतं. पडदा उजळला, आणि त्यावर त्या दिवशीचे हळदीचे सगळे भाव होते. पान पूर्ण झालेलं होतं. वर ठळक अक्षरांत मथळासुद्धा दिला होता.

तिनं लॅपटॉप सरांकडं वळवला. मग म्हणाली, "तुमचं चालत होतं."

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात. शेठजींसमोर. वर्षभर मी त्यांच्या पायऱ्या झिजवल्या, सर. जागा गेली."

"गेली असेल," सर म्हणाले. त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही, म्हणून तेही उभेच राहिले.

"मी पाणी प्यायला मागं गेलो होतो," ते म्हणाले. "मागच्या तीन रांगांत एकाचंही चालत नव्हतं. पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं, आणि तोंडानं हो. ती शेवटची मुलगी झाकण अर्धं मिटून बसली होती, शेजाऱ्याला दिसू नये म्हणून. शेजारी तिला दिसू नये म्हणून आपलं झाकण मिटून बसला होता. सगळ्यांचं चाललं ना, असं तू विचारलंस, तेव्हा उत्तर तू आधीच देऊन टाकलं होतंस. आता त्या मुलीनं नाही म्हणायचं, तर काय होईल? खोली ठरवेल, हिला जमत नाही. ती पुन्हा येणार नाही. मी नाही म्हटलं तर खोली हसते आणि माझ्या लॅपटॉपला नावं ठेवते. माझं काय गेलं? इतकी वर्षं लोकांनी मला मान दिला. हळद जमिनीखालच्या पेवात घालून ठेवली तर टिकते, यामिनी. मान ठेवून टिकत नाही. ज्याच्याकडं तो आहे, त्यानं तो अशा वेळी खर्च करायचा. नाहीतर नारळ आणि शाल घेऊन घरी बसायचं."

गोष्टींमधले शिष्य अशा ठिकाणी गुरूच्या पायाशी वाकतात. यामिनी वाकली नाही. सरांचं म्हणणं तिला पटलं होतं, आणि पटल्यामुळेच तिचा राग आणखी वाढला होता.

"तुम्हाला ते स्वस्तात पडतं," ती म्हणाली. "तुमचे केस पांढरे आहेत, तुम्ही पुरुष आहात. तुमचं अडकलं तर यंत्र बिघडलेलं असतं. माझं अडकलं तर मुलींना हे जमत नाही."

"म्हणून तर मी बोललो. ज्याला स्वस्त पडतं त्यानं बोलावं."

"मग आज का? गेल्या वर्षी का नाही, त्याच्या आधी का नाही? दर महिन्याला माणसं येऊन परत गेली. पोरांना चिकाटी नाही, असं तुम्हीच म्हणत होतात."

सरांनी पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीकडं बघितलं. तिला वाटलं, आता एखादा दाखला येणार आणि तो लांबणार. पण सर म्हणाले, "तुम्ही मला पुढं बसवता. पुढं बसलं की मागची खोली फक्त ऐकू येते, आणि ती हो म्हणत असते. आज जार मागं होता म्हणून मी मागं गेलो."

"मग पुढच्या वेळेपासून मागं बसा."

"बसतो."

यामिनीनं लॅपटॉप पिशवीत घातला. तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली. सरांनी ती तिलाच परत दिली. उद्या हा लॅपटॉप घेऊन शेठजींकडं जा, म्हणाले. पान चालतंय, ते त्यांना दाखव. त्यात खोटं काही नाही, आणि जागा वाचली तर वाचली.

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू होण्याआधी यामिनी पेढीवर गेली. शेठजी गादीवर बसले होते. तिनं लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडून ठेवला. आपल्या बाजाराचे भाव बघताना शेठजींच्या चेहऱ्यावर हळूहळू कौतुक आलं. त्यांनी चष्मा वर सरकवून एक एक ओळ वाचली, एका जातीचा भाव मुनिमाला विचारून ताडून बघितला. तो बरोबर निघाला.

"म्हणजे मी गेल्यावर झालं तर काम," ते म्हणाले. "छान. सगळ्यांचं चाललं ना?"

तिच्याच प्रश्नाला आता तिला उत्तर द्यायचं होतं. शेठजींचा हात गल्ल्याशेजारच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडं वळलेला तिला दिसत होता. एका होकाराचं काम होतं, आणि तो होकार शेठजींना हवाच होता.

"नाही," ती म्हणाली. "पान एकाचंच झालंय, आणि ते आमच्या सरांचं आहे. बाकीच्यांचं काल संध्याकाळी कसंबसं नुसतं सुरू झालं. चूक माझी होती, मी त्यांना बघितलंच नाही. पण जागा मला त्यांच्यासाठीच हवी आहे. ज्याचं चालतं तो कुठंही बसून शिकतो, शेठजी. ज्याचं अडकलंय त्याला परत यायला एक ठिकाण लागतं."

शेठजींनी तिच्याकडं नीट बघितलं. ते चिडले नव्हते. सांगितलंत ते चांगलं केलंत, असं म्हणाले, आणि झाकण हळूच लावून लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. यंदा आवक मोठी आहे, वर पोती लावावी लागतील, हंगाम संपला की या. किल्ल्या जिथल्या तिथं राहिल्या. बाहेर सौद्याची हाक झाली आणि ते उठून गेले.

यामिनी रस्त्यावर आली. हमाल हळदीच्या पाट्या रिकाम्या करत होते आणि पिवळी धूळ उडत होती. एका ट्रकच्या सावलीत उभं राहून तिनं गटाच्या सगळ्या सभासदांना फोनवर निरोप लिहिला. पुढचा मीटअप पुन्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खुणेसकट पूर्ण पत्ता. मग तिनं आणखी एक वाक्य लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं, की काल मी असं विचारत होते की कुणाला नाही म्हणताच येऊ नये, पुढच्या वेळी तसं विचारणार नाही. निरोप सरांनी वाचल्याची खूण आली. मग एकामागोमाग बऱ्याच जणांची आली. कुणी काही लिहिलं नाही.

ती चालू लागली होती, तेवढ्यात उत्तर आलं. तस्लिमचं होतं. गटात तिनं लिहिलेले हे पहिलेच शब्द, आणि ते सगळ्यांना वाचता येतील असे लिहिलेले. "मी येते. घरी आल्यावर माझं परत बंद पडलंय."

यामिनीनं थांबून उत्तर लिहायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आत खाली दोघातिघांनी विचारलं होतं, पडद्यावर काय दिसतंय, फोटो टाक.