बांध आणि पाच म्हातारे

फार पूर्वी कुंभावती नगरीवर सुदंत राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व तिथे तळ्याची राखण करणाऱ्या एका कुंभाराच्या रूपाने जन्मले होते. त्यांचे नाव सोमिल. नगरीच्या वरच्या अंगाला मोठे तळे होते, तळ्याला मातीचा बांध होता आणि बांधाच्या पायथ्याशी कुंभार, विणकर, सुतारांची तीनशे घरे होती. त्यांतलेच एक सोमिलांचे.

रोज उजाडताच सोमिल अनवाणी बांधावरून चालत. माती कुठे ओली, कुठे पोकळ, ते त्यांच्या तळव्यांना कळे. खेकड्याचे बीळ लागले की भुसा घालून मळलेली चिकणमाती त्यात भरायची, टाचेने ठोकायची आणि पुढे जायचे. वीस वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती आणि वीस वर्षांत बांध फुटला नव्हता.

श्रेय मात्र नगरीचे पाच महत्तर, म्हणजे कारभारी, घेत. तळ्यात कधी पाय न भिजवलेले ते पाच म्हातारे वर्षातून एक दिवस बांधाची पूजा करत, भाषणे देत आणि घरी जाऊन झोपत. त्या वर्षी भाद्रपदात स्वतः राजा येणार होता. महत्तरांनी सारा बांध चुन्याने सारवून घेतला, त्याच्या मधोमध मंडपासाठी खोल खांब गाडले आणि हुकूम काढला, की महिन्याने स्वारी येईपर्यंत चुन्यावर पाऊल उमटता कामा नये.

थोरले महत्तर भद्रसेन सोन्याचे कडे घेऊन सोमिलांच्या अंगणात आले.

"सोमिला, महिनाभर घरी बस. तळ्याचा अधिपती करतो तुला."

"खेकडे बसतील का घरी?" सोमिल म्हणाले. "कडं परत न्या. आणि ते खांब उपटा. बांधाचं पोट फाडलंत तुम्ही."

आतून त्यांची मुलगी चंपिका हात पुसत बाहेर आली. "काका, तुमची आंघोळ रोज, जेवण रोज, दुपारची झोप रोज. बांधाला मात्र वर्षातून एकदाच भूक लागते काय?"

भद्रसेन हसले. "कुंभाराची पोर. जीभ चाकावर चढवलीय वाटतं."

त्या हसण्याने तिच्या डोक्यात आग पेटली. तिला त्यांचा राग आला आणि बापाचा त्याहून जास्त.

"बाबा, ते तोंडावर थुंकले असते तरी तुम्ही त्यांना पाणी विचारलं असतं."

"विचारलं असतं," सोमिल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावरच्या सैनिकाने सोमिलांना परत पाठवले. तेव्हा चंपिकेने मातीची पाटी उचलली. सैनिकाचे घरही खालच्याच वस्तीत होते. तो म्हणाला, "मला हुकूम तुझ्या बापाला अडवायचा आहे. तुझं नाव मला कोणी सांगितलेलं नाही." आणि त्याने पाठ फिरवली.

चंपिकेने अकरा बिळे बुजवली. प्रत्येक बीळ भद्रसेनांचे तोंड असल्यासारखे तिने टाचेने ठोकले. फक्त मंडपापाशी महत्तरांची माणसे होती, त्यांनी तिला फिरकू दिले नाही.

घरी आल्यावर सोमिलांनी विचारले, "आज रागानं गेलीस. राग निवला की कशानं जाशील?"

"माझा नाही निवणार."

"निवतो, बाळ. चौथ्या दिवशी झोप रागापेक्षा गोड लागते. म्हणून मनाला विचारायचंच नाही. उजाडलं की पाटी घ्यायची."

चौथ्या दिवशी अंग ठणकत होते आणि झोप खरोखरच गोड लागत होती. बाप बरोबर होता याचाही तिला संताप आला, पण ती उठली. दहाव्या दिवशी ओली माती डोळ्यांआधी तळव्यांना कळली. विसाव्या दिवशी आपण रागावलो आहोत की नाही, हे तिने पाहिलेच नाही.

स्वारी आली तेव्हा पाऊस सतत कोसळून तळे काठोकाठ भरले होते. पांढऱ्या बांधावर मातीचे तपकिरी ठिपके पाहून राजाने भुवया उंचावल्या.

"या पोरीनं बांध विद्रूप केला, महाराज," भद्रसेन म्हणाले.

तेवढ्यात मंडपाच्या एका खांबाखालून, वस्तीच्या अंगाला, गढूळ पाणी उसळले. पाचही महत्तर धोतरे आवरून उंचवट्याकडे पळाले. सोमिल मात्र तळ्याच्या बाजूने पाण्यात उतरले. चंपिकेने मंडपाचे रेशमी कापड ओढून काढले, दोघांनी ते भोकात कोंबले आणि वर चिकणमाती लोटली. विणकर, सुतार पाट्या घेऊन धावले. दुपारपर्यंत भोक बुजले. उरलेला बांध तसूभर हलला नाही. आणखी दोन ठिकाणी तो फुटला असता, तर हात पुरले नसते आणि तीनशे घरे वाहून गेली असती.

राजाने सोमिलांना विचारले, "काय देऊ?"

"काही नको, महाराज."

"मला हवंय," चंपिका म्हणाली. "रोज उजाडताच या पाचही काकांनी पाटी घेऊन अनवाणी बांधावरून चालावं. भाषण न करता."

राजाने तसा हुकूम दिला. पहिला महिना महत्तर कण्हत चालले, दुसरा महिना तिला शिव्या देत. पुढच्या वर्षी एका सकाळी भद्रसेन अचानक थबकले, टाच दाबून पाहिली आणि मागच्याला म्हणाले, "थांबा. इथं ओलं आहे."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, तेव्हा समोर विहारातले ते वृद्ध भिक्षू बसले होते, जे फक्त उत्सवाच्या आदल्या दिवशी अंगण झाडत आणि वर्षभर तरुणांना उपदेश करत. शास्ते म्हणाले, "त्या वेळचे पाच महत्तर तुमच्यातच बसले आहेत. पाठ फिरवणारा सैनिक म्हणजे आपला द्वारपाल. चंपिका म्हणजे भिक्षुणी शुभदत्ता, जिने आज सकाळी तुमच्या दारात झाडू आणून ठेवले आणि त्याबद्दल तुमची बोलणी खाल्ली. सोमिल मी होतो."

बुद्ध होण्यासाठी जे गुण पूर्णत्वाला न्यावे लागतात त्या पारमिता; त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जी पूर्ण केली ती वीर्याची, म्हणजे अखंड उद्यमाची. वीर्य म्हणजे एका दिवसाचा पराक्रम नव्हे. वीर्य म्हणजे रोजची पाटी.