दोन खिंडी आणि सुईणीची बंडी

फार फार वर्षांमागे एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं, आणि त्या गावात एक सुईण राहायची. वयानं पिकलेली, बोलायला फटकळ, पण मनानं लोण्याहून मऊ. गावातलं कुठलंही डोकं घ्या, पागोट्याखालचं असो नाहीतर पदराखालचं, ते पहिल्यांदा हिच्याच ओंजळीत आलेलं. म्हणून सगळं गाव तिला माय म्हणायचं. पाटीलही माय म्हणायचा, आणि ती त्याला चारचौघांत ऐकवायची, "मिशा फार पिळू नकोस रे, जन्मलास तेव्हा डोक्यावर केससुद्धा नव्हता तुझ्या!"

एकदा पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, झुंजुमुंजू होताना, तिच्या दारात एक परका माणूस येऊन उभा राहिला. डोंगरापलीकडच्या गावचा होता. अंगावर एक घोंगडी, हातात काठी, आणि तोंड अगदी उतरलेलं.

"मावशी," तो हात जोडून म्हणाला, "माझी बायको अडली आहे. बाळ आडवं आहे म्हणतात. आमच्या गावची सुईण पावसाळ्यात वारली. गेल्या साली आमचं पहिलं बाळ हाती लागलं नाही. तुम्ही आला नाहीत तर..."

सुईण आयुष्यात कधी डोंगर चढली नव्हती. तिनं एकदा वरच्या धुक्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "रडू नकोस. भाकरी बांधून घेते, चल."

आता त्या गावाची एक रीत होती. परगावी निघालेल्या माणसाला गावकऱ्यांनी आपल्या हातानं कपडा चढवायचा, आणि त्यानं मुक्कामाला पोचेपर्यंत तो अंगावरून काढायचा नाही. 'अंगावरून उतरवलं म्हणजे मनातून उतरवलं,' असं तिथले जुनेजाणते म्हणायचे. रीत मायेपोटीच पडली होती. शिवाय गावची माणसं जायची ती बैलगाडीत बसून बाजारापर्यंत, त्यामुळे तिचा जाच कुणाला झाला नव्हता.

माय डोंगर ओलांडून चालली ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. बघता बघता दारात माणसं जमली.

सगळ्यांत आधी पाटलीणबाई आल्या. त्यांनी मखमलीचा, जरीच्या काठाचा, आतून जाड लोकर लावलेला भलामोठा डगला आणला होता. "माय, हा एकच घाल. दुसरं काही लागायचं नाही," त्या म्हणाल्या.

सुईणीनं हात घालून पाहिला. डगला ऐटबाज होता खरा, पण इतका जड की खांदे दबले, आणि इतका ताठ की दंड वर होईनात. ती हसली. "पाटलीणबाई, तुमचे उपकार आहेत, पण हा घालून मी नुसती पाटावर बसेन. सुईणीचे हात मोकळे पाहिजेत. आणि डोंगरात उकडलं तर याच्यातला निम्मा काढून ठेवता यायचा नाही. घातला तर सगळा, काढला तर सगळा."

पाटलीणबाईंचं तोंड जरा एवढंसं झालं, पण मायच्या शब्दापुढे कोण बोलणार?

मग धनगरीण पुढे झाली. तिनं पातळ लोकरीची बंडी आणली होती. "ही अंगालगत घाल, माय. ओली झाली तरी लोकर ऊब सोडत नाही." पिंजाऱ्यानं स्वतः पिंजलेला कापूस भरून शिवलेली हलकी बंडी आणली. "ही तिच्यावर. पण हिला ओलं होऊ देऊ नकोस गं." शिंप्यानं मेणकापडाचा पातळ डगला आणला. "आणि हा सगळ्यांत वर. याच्यात ऊब नाही, पण वारा आत यायचा नाही."

तिघांनी आपापल्या हातांनी तिला कपडे घातले, बंद बांधले. सुईणीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "अरे, तुम्हाला पहिलं फडकं मी गुंडाळलं होतं. आज तुम्ही मला गुंडाळताय. मी तुमचं देणं कसं फेडू?"

"फेडू नकोस, नुसतं घालून जा," पिंजारी म्हणाला. त्याचा स्वभाव हळवा होता. त्याला आई नव्हती. तिच्या मागं सुईणीनंच त्याला चमच्यानं दूध पाजून जगवलं होतं.

तर अशी आपली सुईण पाठीवर पडशी टाकून निघाली. पहिल्या वळणापर्यंत सगळं गाव हात हलवत होतं आणि तीही वळून वळून हात हलवत होती.

वाट होती दोन खिंडींची. आधी धाकटी खिंड, मग मधलं खोरं, मग थोरली खिंड आणि तिच्याखाली पलीकडचं गाव. धाकट्या खिंडीचा चढ लागला तसं सुईणीचं अंग तापायला लागलं. थोडं पुढे गेल्यावर कपाळावर घाम आला. आणखी चढल्यावर पाठीवरून धारा लागल्या.

सोबतच्या माणसानं आपली घोंगडी कधीच घडी करून खांद्यावर टाकली होती. तो म्हणाला, "मावशी, नुसत्या घामानं निथळताय. एखादं काढा की अंगावरचं!"

"छे रे! काढू कशी? मुक्कामापर्यंत काढायचं नाही अशी आमची रीत आहे. देणाऱ्याच्या जिवाला काय वाटेल?"

"देणारा इथं कुठं बघतोय?"

"तो बघत नसला तरी मला माहीत असतं ना!" सुईण ठसक्यात म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत तशीच चढत राहिली. बिचारीच्या मनात खोट नव्हती. जितका जास्त घाम, तितकी आपली माया खरी, असंच तिला वाटत होतं.

खिंडीच्या तोंडाशी दोघं पोचली मात्र, आणि समोरून असा वारा आला की झाडं कण्हायला लागली. अंगावर तीन-तीन कपडे असूनही सुईण थडथड कापायला लागली. तिला कळेना, हे झालं काय? तिनं बंडीत हात घातला. कापसाची बंडी आतून घामानं चिंब भिजून गोळा झाली होती. ऊब देणं राहिलं बाजूला, उलट अंगातली होती नव्हती ती ऊब शोषून घेत होती.

वारा थोपवायला तिनं मेणकापडाचे बंद घट्ट करायला घेतले, तर बोटं ऐकेनात. बंद बोटांत धरलाय की सुटलाय हेच तिला समजेना.

ती मटकन खडकाआड बसली. "लेका," ती म्हणाली, "या हातांनी मी काय करू? आडवं बाळ बोटांनी चाचपून हळूहळू फिरवावं लागतं. गार हात लागला की बाईचं पोट आक्रसतं, मग बाळ फिरत नाही. मी पोचेन रे तुझ्या घरी, पण माझे हात पोचायचे नाहीत."

त्या माणसानं आपली कोरडी घोंगडी उलगडून तिच्या भोवती धरली, वाऱ्याकडे पाठ करून तो स्वतः आडोसा होऊन उभा राहिला. तोही कुडकुडत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते काही वाऱ्यानं आलं नव्हतं.

सुईणीनं दोन्ही हात काखेत घातले आणि विचार करू लागली. तिला आपलंच बोलणं आठवलं. आजवर किती बायांना तिनं सांगितलं होतं, 'कळ आली की जोर कर, कळ ओसरली की गप पडून राहा. सगळा जोर आधीच लावून बसलीस तर खऱ्या वेळेला काय करशील?' कुणी ऐकलं नाही तर ती चांगली झापायचीसुद्धा.

"अगं मेले!" ती स्वतःलाच म्हणाली. "दुसऱ्याला ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण! चढावर अंग आपणहून तापलं होतं, तेव्हा ही बंडी पडशीत ठेवली असती तर आत्ता कोरडी खडखडीत हाती आली असती. त्या पोरानं मला ही थंडीसाठी दिली होती. मी ती घामात बुडवली आणि वर म्हणते, माया राखली!"

ती उठली. त्या माणसाला पाठ करून उभं राहायला सांगितलं, आणि घोंगडीच्या आडोशाला तिनं कापसाची बंडी अंगातून काढली. काढताना हात थबकला. गावाच्या दिशेनं तोंड करून ती पुटपुटली, "बाबा रे, रागावू नकोस. तुझ्याच बंडीसाठी करते आहे." मग अंगालगतची ओलसर लोकर तशीच ठेवून तिच्यावर डगला चढवला. लोकरीनं धनगरिणीचा शब्द राखला. थोड्या वेळानं अंगाचं कापरं थांबलं.

दोघं झरझर खोऱ्यात उतरली. खोऱ्यात छान ऊन पडलं होतं. बंडी उलटी करून तिनं काठीच्या टोकाला बांधली आणि त्या माणसाच्या खांद्यावर दिली. "धर उन्हात. निशाण घेऊन चाललास असं वाटलं तरी चालेल." इतक्या काळजीतही तो माणूस किंचित हसला.

थोरल्या खिंडीच्या पायथ्याशी येईतो बंडी पार सुकली होती. समोर उभा चढ. आता सुईणीनं काय करावं? तिनं बंडी घडी करून पडशीत घातली आणि मेणकापडाचा डगलाही काढून तिच्यावर ठेवला. अंगावर फक्त लोकर.

"मावशी, गार वाटेल की!"

"वाटू दे थोडं. चार पावलं चाललं की अंग आपोआप तापतं. आता घाम यायच्या आधी काढायचं आणि थंडी वाजायच्या आधी घालायचं. उशीर केला तर दोन्हीकडून मार."

ती हळू, एका चालीनं चढली. दम लागला की थांबली, पण घाम फुटू दिला नाही. खिंडीचं तोंड दिसायला लागलं तसं, वारा अजून लागायचा होता तोवरच, ती एका कड्याआड थांबली. कापसाची बंडी घातली, वर डगला चढवला, बंद बांधले. या वेळी बोटांनी बंद झटक्यात बांधले. मग खिंडीतला वारा आला, अंगावर धावून आला, आणि मेणकापडावर आपटून निघून गेला. आत पिंजाऱ्याच्या कापसात सुईण उबेत होती.

"देव तुमचं भलं करो रे पोरांनो," ती वाऱ्यात मोठ्यानं म्हणाली. "तिघांचंही भलं करो!"

दिवेलागणीला दोघं गावात पोचली. त्या घरात रडारड सुरू झालेली होती. सुईणीनं कपडे उतरवले, हात धुतले, शेगडीवर क्षणभर धरले आणि त्या पोरीच्या पोटावर ठेवले. पोरीनं डोळे उघडले. "किती ऊन हात आहेत हो तुमचे," ती क्षीण आवाजात म्हणाली.

"माझे एकटीचे नाहीत गं ते," सुईण म्हणाली. "आता माझं ऐक. मी सांगेन तेव्हाच जोर करायचा."

बोटांना बाळाची पाठ लागली, खांदा लागला, डोकं लागलं. हलक्या हातानं, फुंकर घातल्यासारखं, तिनं बाळाला वळवलं. घटका गेली, दोन घटका गेल्या. बाहेर तो माणूस उंबऱ्याला डोकं टेकून बसला होता. आणि मग आतून असा टाहो आला की शेजारपाजारच्या बाया पदर सावरत धावत आल्या. मुलगी झाली होती. आई सुखरूप होती.

तो माणूस आत आला आणि बाळाकडे बघण्याआधी त्यानं सुईणीच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाला, "मावशी, जन्मभर विसरणार नाही." सुईणीनं त्याला उठवलं आणि दोघंही लहान पोरांसारखी रडली.

चार दिवस राहून, बाळंतिणीचं सगळं बघून सुईण परत निघाली. दोन्ही खिंडी तिनं कपडे काढत-घालत ओलांडल्या. पण गाव जवळ आलं तशी तिची पावलं मंदावली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं बोललं तर पिंजाऱ्याच्या जिवाला लागणार, हे तिला ठाऊक होतं.

वेशीवर सगळे जमलेच होते. पाटलीणबाईंनी पहिल्या झटक्यात विचारलं, "काय माय, मुक्कामापर्यंत उतरवलं नाहीस ना अंगावरचं?"

"उतरवलं," सुईण म्हणाली. "चढावर बंडी पडशीत होती. आधी रीत पाळली होती, तर बंडी भिजली आणि माझे हात लाकूड झाले. मग रीत सोडली." ती पिंजाऱ्याकडे वळली. "तू मनापासून दिलीस आणि मी ती अंगावरून काढली. काय बोलायचं ते बोल मला."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पिंजारी पुढे आला. त्यानं विचारलं, "माय, बाळ जगलं का?"

"जगलं. मुलगी आहे. आईसुद्धा बरी आहे."

पिंजाऱ्याचे डोळे पाण्यानं डबडबले. त्यानं बंडी हातात घेतली, डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "मग माझा कापूस सार्थकी लागला."

त्या दिवसापासून त्या गावात परगावी जाणाऱ्याला कपडा अंगावर चढवत नाहीत. घडी करून पडशीत ठेवतात आणि सांगतात, लागेल तेव्हा घाल.

तात्पर्य काय, तर कुणी दिलेल्या मायेचं चीज ती सदासर्वकाळ अंगावर मिरवून होत नाही, वेळेला तिचा उपयोग केला की होतं. आणि डोंगर चढणाऱ्यांनी सुईणीचं एवढं ऐकावं: घाम यायच्या आधी एक कपडा काढावा, वारा लागायच्या आधी तो घालावा, आणि घालताना ज्यानं दिला त्याची आठवण काढावी.